अर्धा श्लोक

तळेगाव ढमढेरे
१८ नोव्हेंबर २०२५

चि. शितल हिला आत्याचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यावर विश्वास ठेवायची सक्ती नाही. हातात फोन असताना आत्या पत्र पाठवते म्हणून तू जावईबापूंकडे बघून हसली असशील. पण तुझ्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकरशेजारी तुझी आई बसलेली असते. शिवाय पत्रात मध्येच कुणी ‘काय म्हणालीस?’ असं विचारत नाही. आज मला मध्ये बोललेलं चालणार नाही.

शाळेत नववीला संस्कृतचा भविष्यकाळ शिकवतेय. अर्धा वर्ग खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघतो, उरलेला अर्धा माझ्याकडे बघून ट्रॉल्यांचाच विचार करतो.

काल निमोण्याहून तुझे आप्पा आले होते. म्हणाले, सरू ऑपरेशनला नाही म्हणते, तू शिकलेली, तू समजाव. मी हो म्हटलं. शिकलेल्यांना हो म्हणायला फार सोपं जातं.

सरूवहिनी तुला एवढंच सांगते ना, ‘देवीनं दिलंय, तिनंच न्यावं’? तुला वाटतं, ती भुलीला घाबरते. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात कांद्याच्या वाफ्यात उतरलेली बाई ती, भुलीला काय घाबरेल? तिची भीती कशाची आहे ते मला माहीत आहे. आणि फक्त मलाच माहीत आहे.

गर्भपिशवीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला तो दिवस आठव. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंगावरून कधीपासून जातंय? वहिनी म्हणाली, दिवाळीपासून. काही गोळ्या घेतल्या होत्या का? न्हाई. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरचं बाळाच्या लसीचं पत्रक वाचत होते. फार मन लावून वाचलं. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या.

आता सांगते. तुझ्या आईची पाळी बंद होऊन आता तीन वर्षं झाली. माझी त्याच सुमाराला थांबली. पुस्तकात याला रजोनिवृत्ती म्हणतात. निवृत्ती म्हटल्यावर काही पेन्शन मिळायला हवी, आम्हाला नुसता घाम मिळाला. रोज दुपारी फोनवर दोघींच्या तक्रारी चालायच्या. आग होते, कोरडं पडतं, नवरा जवळ आला की नको वाटतं, लघवी धरवत नाही. ती म्हणायची, ‘वन्सं, शिंक आली की लुगडं गेलं.’ मी सांगायचे, फळ्यावर लिहिताना खोकला आला तर मी वळतच नाही, मुलांना वाटतं बाई विचारात आहेत. आम्ही इतक्या हसायचो की त्या हसण्यानेही तेच व्हायचं. दाखवलं असतं तर यातल्या बऱ्याच गोष्टींना औषध होतं, हे आता कळतंय. तेव्हा सगळं ‘वयाचं’ म्हणून आम्ही एकाच पोत्यात भरत गेलो.

आपल्या घरात घट कुणी बसवायचे ते तुला माहीत आहे. जिची पाळी गेली, तिने. रंगुबाईआजीचे गुडघे बसले आणि गेल्या वर्षी घट पहिल्यांदा तुझ्या आईकडे आले. एकतीस वर्षं ती त्या देवघराच्या उंबऱ्याबाहेरून ताट सरकवत होती, दिवस मोजत. घटाला चार दिवस राहिले असताना तिचा फोन आला. ‘वन्सं, मला परत लागलंय. आता घट माझ्या हातचे जायचे का ओ?’

तिच्या आवाजात मला फक्त घट ऐकू आले. रक्त ऐकू आलं नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी तिला पूर्वीही पाठवत असे, गौरी आल्या, लग्न आलं की. इथला मेडिकलवाला माझा विद्यार्थी, चिठ्ठी मागत नाही, ‘बाई’ म्हणतो आणि कागदात गुंडाळून देतो. मी पाकीट उदबत्तीच्या पुड्यात घातलं आणि निमोण्याच्या जीपने पाठवून दिलं. तिने विचारलं, ‘यात पाप न्हाई ना? आन् दाखवू का कुणाला?’

दाखवायचं कशाला, म्हटलं, बदलाच्या वयात असं होतं. आणि पापाबद्दल मी तिला श्लोक ऐकवला.

देवकार्ये प्रवृत्ताया भेषजं न हि दूषणम्।

देवाच्या कामात असलेल्या बाईने औषध घेतलं तर दोष नाही. तिने फोनवरच हात जोडले असणार. शितल, हा श्लोक कुठल्याही ग्रंथात नाही. मी तो उभ्या उभ्या जुळवला, तोही अर्धाच. पोळी तव्यावर होती.

गोळ्यांनी रक्त थांबलं, घट पार पडले. मग चंपाषष्ठीला पुन्हा गेलं, पुन्हा गोळ्या. होळीला, गौरीला आणि या वर्षीच्या घटांनाही. चौदा महिने, बाळ. तिच्या आजाराचा इतिहास पंचांगात आहे आणि गोळ्या माझ्या हातच्या आहेत. डॉक्टरांपुढे ती माझ्यासाठी खोटं बोलली.

भाऊबीजेनंतर तुझ्याकडे मी तिची वेणी घालत होते. माझ्याकडे पाठ होती म्हणून बोलली असेल. ‘वन्सं, तुमचा श्लोक खरा आसंल. पर मी इटाळात घट हाताळला. तिनं माझ्या पिशवीतच हात घातला बघा.’ मी वेणी पूर्ण केली.

आता पेच बघ. श्लोक खोटा होता असं सांगितलं, तर ती म्हणेल, बघा, मग पाप झालंच. म्हणजे ऑपरेशन नाहीच. बावीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि माझ्या खऱ्यानेच ती जाईल अशी वेळ आली.

म्हणून दोन कामं सांगते. पहिलं, हे पत्र मिळताच डॉक्टरीणबाईंना दाखव. काल मी त्यांना फोन केला होता, पण तारखा त्यांना लेखी हव्यात. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं असतं, असं त्या म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. किती पसरलंय ते पोट उघडल्यावरच कळेल, पण अजून करण्यासारखं आहे. मग विचारलं, आणि तुमचं काय? मी शिंकेचं सांगितलं. गुरुवारी बोलावलंय.

दुसरं काम. सोबत वेगळा कागद आहे, मोठ्या अक्षरात. तो आईपुढे हात जोडून वाच. मी आले तर ती माझ्या तोंडाकडे बघेल, आणि माझं तोंड तिला वाचता येतं.

छेदोऽपि जीवरक्षार्थं देव्याः पूजैव सा मता॥

जीव राखण्यासाठी घातलेला छेददेखील देवीची पूजाच. हाही कुठल्या ग्रंथात नाही. काल स्टाफरूममध्ये बसून लिहिला. फरक इतकाच, की या वेळी आधी डॉक्टरांना विचारलं.

ती बरी होऊन घरी आली, की दोन्ही ओळी खोट्या होत्या हे तिला मीच सांगेन. तोवर माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर नको बोलूस. कागद मात्र वाच.

दुसरी ओळ इतके दिवस का नाही सांगितली, असं तिने विचारलं, तर म्हण, आत्याला उशिरा आठवली. एवढं एक तिला खरं सांग.

उशिराच जाग आलेली,
तुझी आत्या
अनुपमा