भुईचाफ्याची जागा

आई, धाकट्यानं गुंद गावच्या आपल्या घरामागं सिमेंट घातलं. भात वाळवायला जागा पाहिजेच होती, त्याचं काही चुकलं न्हाई. उलट कामाआधी त्यानं मला रामनगरहून मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाला, “अक्का, आईचा भुईचाफा कुठं येतो तेवढं दाव. तेवढी जागा सोडतो.” मी परड्यात उभी राहिले. उन्हानं तडकलेली लाल माती, ना पान ना देठ. पावसात पानं येतात, पण रानहळदीच्या गर्दीत ती कुणाला ओळखू येणार? मी फणसाच्या बुडाशी बोट दाखवलं, आणि त्यानं तिथं हातभर चौकोन राखला.

तू असतीस तर चालता चालता दाखवलं असतंस. चैत्रात सगळं रान वाळून कोळ झालेलं असतं, आणि एका सकाळी तू मला हलवून उठवतेस, “चल गं, आलंय.” मातीला चिकटून ते पांढरं फूल, मधे जांभळी पाकळी. त्याचा वास उभ्या माणसाला मिळत न्हाई. तू पदर खोचून सरळ पालथी पडायचीस, नाक भुईला. एकदा मी ते तोडून वेणीत घातलं, तर केवढी तापलीस. “एका दिवसाचं आयुष्य त्याचं, तेवढंबी तुला बघवंना व्हय?” दुपारपर्यंत ते केसांतच मलूल झालं, आणि दिवे लागेपर्यंत तू माझ्याशी बोलली न्हाईस. तरी पुढच्या सालाला उठवलंस ते मलाच, धाकट्याला न्हाई. त्यावरून मी त्याला आजवर चिडवत आले.

म्हणून तर ‘मला ठाऊक न्हाई’ म्हणायला जीभ रेटली न्हाई. आता वैशाख सरत आला, चौकोन तसाच रिकामा हाय. धाकटा रोज तांब्याभर पाणी घालतो आणि फोनवर मलाच समजावतो, “येईल गं, जरा दमानं घे.” मला रडू येतं, आणि त्याच्या दमाचा रागबी येतो. तुझा भुईचाफा मी सिमेंटखाली घातला, आई. तू पालथी पडून डोळे मिटायचीस, तोंडावरचा सगळा शीण उतरायचा, हसायचीस. तसली तू वर्षात पुन्हा कधी दिसायची न्हाईस. मग जागा कोण बघतंय? मी तुझं तोंड बघत बसायचे. हे धाकट्याला सांगायला पाहिजे. तुला लिहिलं, त्याला अजून सांगितलं न्हाई.