दोन देशांची चौकशी

२ फेब्रु., कुंभार पिंपळगाव
मानवजातीवरच्या अन्यायांच्या यादीत एक राहून गेलाय. दोन वर्षं मला वाईट चहा प्यावा लागतोय. आरक्षणाच्या आंदोलनापासून गावात हॉटेलं दोन. एक 'आपलं', एक 'त्यांचं'. चांगला चहा त्यांच्याकडं राहिला. आपल्याकडं पाक मिळतो, वरून विलायची. समाजासाठी लोक तुरुंगात गेले, मी रोज हा पाक पितो. हार कुणी घालत नाही.

४ फेब्रु.
सायलीला (थोरल्या भावाची पोरगी, बियाण्यांवर एम.एस्सी.) पुढच्या संशोधनासाठी दोन ठिकाणांहून बोलावणं. एक फ्रान्स, एक अमेरिका. पंधरा तारखेपर्यंत होकार कळवायचा. घरात आनंद चहा निवेपर्यंत टिकला. मग दादा : "त्यातला शांत देश कोणता? तू पेपरात जगावर लिहितो ना, सांग मंग. दोन्हीकडं भांडणं असतील तर पोरगी इथंच ऱ्हाईल. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या काय कमी हायेत?"
सायली माझ्याकडं बघत होती. लेखकाचं मत घरात पहिल्यांदाच कुणाला लागलं.

६ फेब्रु.
दादा देश नाही, स्थळ बघून राह्यलेत. भाऊबंदकी किती, घर बोलणारं का अबोल्याचं. मंग तसंच सांगितलं.
फ्रान्समध्ये भांडण चव्हाट्यावर. शेतकरी चिडला की ट्रॅक्टरनं शेण आणून सरकारी कचेरीच्या दारात ओततो. (दादा खूश. "हे बराबर हाय.") पेन्शनला हात लावला की शहर बंद, कचऱ्याचे ढीग. सगळे नागरिक सारखे, म्हणून कुणाचा वंश सरकार विचारत नाही. मग शहराबाहेरच्या वस्तीतल्या सावळ्या पोरांनाच पोलीस का अडवतात, याचा हिशोबही लागत नाही.
अमेरिकेत उलटं. प्रत्येक फॉर्मवर वंशाचा रकाना. सगळं मोजतात, आणि मोजून झाल्यावर भांडतात. मोजायचं की नाही, हा वाद आपल्या जातगणनेमुळं फार ओळखीचा वाटला, तिथं वाचत होतो ते पुस्तक मिटलं. तिकडं भांडण घरात शिरलंय. बाप एका पक्षाचा, लेक दुसऱ्याचा, सणाला एका पंगतीत बसत नाहीत. कपाटात बंदूक.
"म्हंजे एक घर कालवा-भांडणाचं, एक अबोल्याचं."
"हो."
"अबोल्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाई."
वहिनी आतून : "समोरच्यांशी दोन सालापासून बोलणं न्हाई आपलं. ते कोणतं घर म्हणायचं?"
दादांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

७ फेब्रु.
दोन्ही देश पाहिलेलं माणूस गावात एकच. शुभांगी, समोरच्या ज्ञानोबांची पोरगी. अमेरिकेत शिकली, फ्रान्सात नोकरी, सध्या सुट्टीवर. स्थळाची चौकशी तिथं राहून आलेल्याकडं करावी, हा दादांचाच नियम. ऐकवला.
"त्यांच्या दारात? बिलकुल न्हाई. मुद्दाम उलटं सांगतील."
आमचं परराष्ट्र धोरण एवढंच.

९ फेब्रु.
सायली न विचारता गेल्ती. भर दुपारी, रस्ता ओलांडून, सगळ्यांच्या देखत. शुभांगीचं म्हणणं : दोन्हीकडं तू बाहेरचीच. फ्रान्समध्ये तोंडावर सांगतात, अमेरिकेत हसून. आणि आजारी पडलीस तर शेजारीण दोन्हीकडं दार वाजवते. "तिकडचे विचारतात, तुमच्या खेड्यात तरी शांतता असेल. मी हो म्हणते."
येताना डबा. शुभांगीच्या आईचे धपाटे. वहिनींनी ओट्यावर ठेवला. दादांनी पाहिला.
संध्याकाळी धपाटे निम्मे. वहिनींचा सोमवार. मी नि सायली बाजारात होतो. मांजर म्हणावं, तर मांजर झाकण परत लावत नाही.

१२ फेब्रु.
डबा घासून पालथा. रिकामा परत करायचा नसतो. भरून द्यायचा तर बोलणं सुरू झालं असा अर्थ. म्हणून पालथाच. दादा रोज त्याच्याकडं बघतात आणि "बघू नंतर" म्हणतात.
होकार गेलेला नाही. आज पुन्हा : "दोन्हीकडं गडबड हाय. कशाला जाती?"
सायली : "पप्पा, गडबड नसलेल्या जागी जायचं तर मला आधी हे गाव सोडावं लागंल."
दादा उठून गोठ्याकडं गेले. लवकर आले नाहीत.

१४ फेब्रु.
उद्या शेवटचा दिवस. सकाळपासून सायली लॅपटॉप उघडून बसलीय, शेजारी दादा, चष्मा लावून. कोणत्या देशाचं पान होतं, दिसलं नाही. विचारलंही नाही.
वहिनींनी शेंगदाण्याचे लाडू केलेत. डबा मीच भरला, झाकण लावलं. दादांनी मान वर केली, परत खाली घातली. अडवलं नाही.
रस्ता ओलांडला. ज्ञानोबा ओसरीवर होते. डबा हातात तोलून पाहिला.
"लई दिस ठेवला."
"हो."
"बस मंग."
बसलो.