आवरू का?

सोमवार

स्वतःच्याच चष्म्यावर बसणं हा गुन्हा नाही, तरी चष्मेवाल्याने मला आठ दिवसांची शिक्षा सुनावली आहे. खून करणारे जामिनावर सुटतात. माझी काच सुटत नाही. त्यात नवी नोकरी कसली, तर औषधाच्या खोक्यातल्या पत्रकांची प्रूफं तपासण्याची! ती अक्षरं मुंगीसुद्धा डोळे बारीक करून वाचत असेल.

तरी पहिला दिवस झकास गेला. खोली उजेडाची, खुर्ची न कुरकुरणारी. टेबल मात्र एवढंसं, की कोपर टेकलं तर कपाला जागा नाही. ऑफिस सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, हे कोपरांपुरतंच. खरं टेबल कॉम्प्युटरमध्ये. स्क्रीनवर खरोखरच ऐसपैस लाकडी टेबल! खण, केराची टोपली, लाकडावर कपाचा गोल डागसुद्धा.

माझ्या आधी इथे अण्णा होते. कुठे गेले म्हणून विचारलं, तर एका दुपारी आवरून गेले, कुणाला सांगितलंही नाही, म्हणाल्या. डुलकी काढण्याआधी ते चष्मा खिडकीत ठेवायचे, तो तिथेच राहिलाय. चालत असेल तर वापरा. चालला! अण्णा, उपकार झाले. फेडीन.

मंगळवार

टेबलावर जे ठेवावं ते स्क्रीनवरच्या टेबलावर उमटतं. कप ठेवला, कप उमटला. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, कुठेतरी कॅमेरा असेल, तुम्ही कामाकडे बघा.

निघताना स्क्रीनवर चौकट आली: आवरू का? लग्न झाल्यापासून बायको हेच विचारते, पण उत्तराची वाट पाहत नाही. 'हो' दाबलं. स्क्रीनवरचे कागद खणात सरकले. कपही सरकला. आणि माझ्या कोपराशी असलेला कप नाहीसा झाला.

खण उघडून कप माउसने बाहेर ओढला. टेबलावर परत आला. चहातून वाफ येत होती. दुपारचा चहा.

बुधवार

घरी सांगितलं. बायको म्हणाली, असलं एक टेबल घरी आण, आणि आधी तूच त्यावर बस.

हसलो. दिवसभर टाचण्या आत-बाहेर केल्या. बाईंना दाखवणार होतो. का कोण जाणे, दाखवलं नाही.

गुरुवार

जेवणानंतर टेबलावर डोकं टेकलं. जाग आली तर स्क्रीनवर टेबल, टेबलावर डोकं. वरून दिसणारं. मी आजवर नाकारत आलेल्या टकलासकट. खाली चौकट: आवरू का?

'नको' दाबलं. पुन्हा आली. नको. पुन्हा.

डोकं उचललं तेव्हा चौकट गेली. स्क्रीनवरचं डोकं जरा उशिरा उचललं गेलं.

शुक्रवार

राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. न विचारता आवरला गेला.

शोधायला स्क्रीनवरचे खण उघडले. सगळ्यात खालच्या खणात — बोटं. कड चाचपणारी. अंगठ्यावर लाल शाई.

बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, म्हणाल्या, लाल शाई अण्णांच्या अंगठ्याला कायमची होती. मग, बंद करा हो ते, बंद करा, म्हणत भिंतीला टेकल्या. जवळ आल्या नाहीत.

शनिवार

बायको म्हणाली, जाऊ नकोस, खड्ड्यात गेली नोकरी. खरं आहे. पण कप बाहेर येतो तर माणूसही यायला हवा.

हात धरून माउसने ओढतोय — मनगटापर्यंत येतो, मागे जातो. कड सापडत नाही त्याला. बोटं सारखी एकाच बाजूला — खिडकीच्या —

चष्मा. चष्मा शोधतोय. आठवडाभर मी अण्णांच्या डोळ्यांनी वाचलं, आणि ते तिथे आंधळे —

वही टेबलावर नको. मांडीवर घेतली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्क्रीनवर उमटला. माउसने खणात सोडला. बोटांनी काड्या उलगडल्या. अगदी हळू. मग खणाची कड घट्ट धरली.

फिटलं, अण्णा. या आता.

चौकट आली आहे. शब्द दिसत नाहीत. नुसते डाग. बाहेर काढू का, असं असेल. किंवा दुसरं. बाईंना हाक मारली, वाचून सांगा म्हणून. त्या घरी गेल्यात.

हात वर येतोय. चौकट गेली तर तो पुन्हा —

दोन डाग. डावीकडचं 'हो' होतं ना? दाबतो. डाव्या हाताने. उजवा लिहितोय, त्याचं कोपर टेबलाव