त्या दुपारचे दोन तास

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो की मी हिंडता-फिरता आहे. फोनवर मला बोलायला सुचत नाही आणि तूही हल्ली दोन वाक्यांत फोन ठेवतेस. तेव्हा हेच बरं.

गेल्या महिन्यात कामावर माझ्या हातून एक चूक झाली. कवळी पक्की करण्याआधी आम्ही लॅबमध्ये दात मेणावर बसवतो आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. ते पेशंटच्या तोंडात घालून बघतात, पसंत पडलं की पुढचं काम. एका आजींची कवळी होती. त्यांनी आरशात पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या की दात सुरेख आहेत, पण माझे नाहीत, कुणा दुसरीचे आलेत. पुढच्या दोन दातांत मी फट ठेवली होती आणि डावीकडचा दात जरासा वळवला होता. डॉक्टरांच्या कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर स्वतः ते काम घेऊन लॅबमध्ये आले. त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा मला दिसलं की हे छोटीचे दात आहेत. बसवताना दिसलं नव्हतं. छोटीशी लग्न झाल्यापासूनची सत्तावीस वर्षं मी तिथं काम करतो, माझं काम कधी परत आलेलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं. लॅबमधले सगळे बघत होते. माझ्या दाढा घासून सपाट झाल्यात. झोपेत दात खाताय, किती महिने झाले, असं त्यांनी विचारलं. छोटीला जाऊन आठ महिने झाले, तेवढेच असतील. दातांचं मी बघतो, बाकीच्यासाठी इथे जा, असं म्हणून त्यांनी एका बाईंचा पत्ता दिला.

बाईंची खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे. पाटीवर ‘सर्वांगीण मानसोपचार’ असं लिहिलंय. आत दोन खुर्च्या, एक सतरंजी, हात धुवायचं बेसिन आणि भिंतीवर काहीही नाही. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या छोटीबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं की काल काय जेवलात आणि कुठे बसून. मला आठवेना. मग आठवलं, ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. त्यांनी ते लिहून घेतलं, जसं आम्ही दाताचा रंग लिहून घेतो, बरं-वाईट न म्हणता. मला ती पद्धत आवडली. तीनदा जाऊन आलो. लॅबच्या मालकांनी तीन महिने अर्धा दिवस काम करायला परवानगी दिली आहे.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

•

११ मार्च

चि. मौनीबाबास,
अ. उ. आ.

दोन पानी पत्र! शाळेत असताना सहलीहून ‘पोचलो’ एवढा एकच शब्द लिहून पाठवणारा तू. मी भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांना निम्मं ऐकू आलं आणि निम्मं त्यांनी रचलं. तू आता दवाखान्यात दात काढायला लागलास, असं ते शेजाऱ्यांना सांगून आले आहेत.

चुकीचं मनाला लावून घेऊ नकोस. आजींना म्हणावं, फुकटात देखणे दात मिळत होते, घालवलेत.

पण या बाईंचं मला नीट कळव. सर्वांगीण म्हणजे काय? अंगारे-धुपारे, खडे, रंगीत पाणी असलं काही नाही ना? शिक्षण काय झालंय त्यांचं? काल काय जेवलात हे तर मीही विचारते, मला कुणी पाटी लावून दिली नाही. चेष्टा जाऊ दे. दुःखात माणूस कुणाच्याही पायरीवर जाऊन बसतो, म्हणून विचारते. आणि तू इकडे राहायला ये, हे मी पुन्हा सांगते. वरची खोली रिकामीच आहे.

भाऊजींचं बरं आहे. माझं काय, मी असतेच.

आशीर्वाद आहेतच, उत्तर तेवढं लवकर दे.

तुझी,
ताई

•

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे प्रश्न मी बाईंना वाचून दाखवले. त्या हसल्या आणि म्हणाल्या की अशी बहीण प्रत्येक पेशंटला असायला हवी. त्या मानसशास्त्र शिकलेल्या आहेत, एका मोठ्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं होत्या. खडे नाहीत, धूप नाही. उलट पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका फिजिशियनकडे पाठवून रक्त तपासून घेतलं. म्हणाल्या, रक्त कमी असलेल्या माणसाला मी मनाचे उपाय सांगत बसले तर ती फसवणूक होईल. रक्त खरंच कमी निघालं. गोळ्या चालू आहेत.

सर्वांगीण म्हणजे त्यांच्या मते एवढंच, की झोप, जेवण, श्वास, काम, माणसं आणि दुःख यांची वेगवेगळी खाती नसतात. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. बाकी सगळं करायला लावलं. रोज टेबलाशी बसून जेवायचं, निदान एक वेळ. सकाळी कालव्याच्या कडेनं चाळीस मिनिटं चालायचं. सतरंजीवर आडवं पडून, जड कुठे वाटतं ते हात ठेवून दाखवायचं. मला वाटलं होतं छातीत, गोष्टींत तसं असतं. माझा हात जबड्यावर गेला. बाई म्हणाल्या, इतके दिवस काय चावून धरलंय? पुढच्या खेपेला मीच होऊन बोललो.

ताई, मला त्यांचं नवल वाटतं. आमच्या धंद्यात मेण गरम असताना घाई केली की दात सरकतो. त्या तशा थांबतात. मी पंधरा मिनिटं गप्प बसलो तरी त्या घड्याळाकडे बघत नाहीत, आणि आपण फार समजूतदार आहोत असा चेहराही करत नाहीत. एकदा मी लोकांना चालतं तसं बोललो, की छोटी सुटली. बाईंनी विचारलं की हे वाक्य तुमचं आहे की भेटायला आलेल्यांचं. भेटायला आलेल्यांचंच होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते लिहितो. छोटी गेली त्या दुपारी दोन वाजता मी लॅबला गेलो आणि चारला परत आलो. तू दारात उभी होतीस आणि मी चपला काढायच्या आधीच मला कळलं. ते दोन तास तू तिच्याजवळ होतीस. मी नव्हतो. त्या दोन तासांत काय झालं हे मी तुला कधी विचारलं नाही आणि तू कधी सांगितलं नाहीस. मी चावून धरलंय ते हेच. तिनं मला हाक मारली का? तिला त्रास झाला का? जे असेल ते मला कळायला हवं आहे. बाई म्हणाल्या, ज्यांना माहीत आहे त्यांनाच विचारा, मला नाही.

सवडीनं लिही. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

•

२० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. भाऊजींच्या कानाच्या मशीननं उच्छाद मांडला होता. नवं मशीन आणलं तर त्यात त्यांना सगळंच ऐकू यायला लागलं. शेजारचा नळ, जिन्यातली पावलं, आणि मुख्य म्हणजे मी. तू दिवसभर एवढं बोलतेस हे मला ठाऊकच नव्हतं, असं म्हणाले. आता ते मशीन डबीत ठेवतात. मी डबी लपवते, ते शोधतात. दुकानदाराकडे तीन खेपा झाल्या. खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, नवरा-बायको दोघंही नर्स. जिन्याला रंग दिला, तोही असा हिरवा की हॉस्पिटल वाटावं.

रक्ताचं ऐकून बरं वाटलं. बाईंबद्दल मी उगाच शंका घेतली, त्यांना माझा नमस्कार सांग. गोळ्या चुकवू नकोस. टेबलाशी जेवतोस ना?

बाकी सर्व ठीक. आशीर्वाद.

तुझी,
ताई

•

२७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कानाच्या मशीनवर तू पानभर लिहिलंस. मी विचारलं त्यावर एक ओळही नाही.

मला आधी वाईट वाटलं. मग मी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. एकात ‘माझं काय, मी असतेच’ आणि दुसऱ्यात ‘बाकी सर्व ठीक’, याखेरीज तुझ्याबद्दल त्यांत काही नाही. वर्षभर तू आमच्याकडे राहून छोटीचं सगळं केलंस, आणि ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी सामान बांधलंस. तू कशी आहेस हे मी एकदाही विचारलं नाही. आता विचारतो. झोप लागते का? फोन का ठेवून देतेस?

बाई म्हणाल्या की विचारणं माझ्या हातात होतं, सांगणं तुझ्या. तेव्हा मी पुन्हा मागे लागणार नाही. पण मला हवंच आहे, हेही खोटं सांगत नाही.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
धाकटा

•

९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

त्या दिवशी तू जात नव्हतास, मी तुला घालवलं. एक काम अडलं होतं आणि आठवडाभर तू घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतंस. मी म्हटलं, जा, मी आहे. तू गेल्यावर अर्ध्या तासात तिचा श्वास बदलला. काय ओळखायचं ते तिच्यासाठी घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मला सांगून ठेवलं होतं. मी लगेच उठून फोन हातात घेतला.

तिनं मला हाक मारली. आवाज अगदी बारीक, पण शुद्ध पूर्ण होती. म्हणाली, ताई, त्यांना बोलावू नका. ते आले की मला बरं असल्यासारखं करावं लागतं. आज मला जमणार नाही.

मी फोन खाली ठेवला.

मग तिनं खिडकी उघडायला सांगितली. मी तिच्या ओठांना पाणी लावलं. तुझ्या लहानपणीचं काहीतरी सांगा म्हणाली. तू दोन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हतास, आणि एक दिवस भरल्या घरात सरळ अख्खं वाक्य बोललास की दूध सांडलं, पण मी नाही सांडलं, ते सांगितलं. ती हसली. खरंच हसली, मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. त्रास झाला नाही. माझा हात तिच्या हातात होता. चारला दहा मिनिटं कमी असताना संपलं. मी तिचे केस विंचरले आणि दारात येऊन उभी राहिले.

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी लोकांचे फोन जोडून दिले. जन्माचे, मरणाचे, भांडणाचे. तो एक जोडला नाही. तेव्हापासून फोन वाजला की मला हात लावावासा वाटत नाही. तू विचारलंस म्हणून सांगते, झोप नाही. भाऊजींना यातलं काही माहीत नाही.

मी तिचं ऐकलं आणि तुला विचारलं नाही. त्या दुपारी ते बरोबर वाटलं होतं. आता कळत नाही. तू म्हणशील ते ऐकून घेईन.

आशीर्वाद देण्याचा हक्क उरला असेल तर देते.

तुझी,
ताई

•

३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तुला शिक्षा करत नव्हतो, असं लिहिणार होतो. पण पहिला आठवडा शिक्षाच करत होतो.

पत्र मी बसून वाचलं, मग बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं. ‘बरं असल्यासारखं करावं लागतं’ इथं मी अडकलो. तीनदा वाचायचा प्रयत्न केला, पुढे जाता येईना. मग मी ओरडलो, ताई. मी. मी काय तिचा वैरी होतो का, असं ओरडलो. खालच्या शिंप्याचं मशीन थांबलं. बाई हलल्या नाहीत. गप्प व्हा म्हणाल्या नाहीत, पाणी पुढे केलं नाही. मला हुंदके यायला लागले, ते बराच वेळ थांबेनात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बाई समोर बसून राहिल्या. नंतर मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की शिंपी जाणता आहे.

नंतरच्या दोन खेपांत मी छोटीच्या आजारपणाकडे पाहिलं. रोज लॅबमधून आलो की मी दारातूनच विचारायचो, आज बरं वाटतंय ना? प्रश्न असा की उत्तर एकच. ती हो म्हणायची. थकलेली असली तरी उठून बसायची, मला दाखवायला. मी ते तिचं धैर्य समजत होतो. धैर्य होतंच, पण ते माझ्यासाठी खर्च होत होतं.

तू फोन केला असतास तर मी धावत आलो असतो. तिला हलवलं असतं, डॉक्टर आणले असते, डोळे उघड म्हटलं असतं. तिनं उघडले असते. माझ्याजवळ तिला तसं हसता आलं नसतं. हे तिला माहीत होतं. मला आत्ता कळलं आणि अजून टोचतं.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. माझा राग सगळा गेला असंही म्हणत नाही. तो गेल्यावर ताईकडे जाईन, असं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग कधीच जाणार नाही. रागाला बरोबर न्या, त्याला तिकीट पडत नाही.

म्हणून शनिवारी सकाळच्या बसनं येतोय. लॅबमध्ये पूर्ण दिवस सोमवारपासून सुरू करणार आहे, त्याआधी दोन दिवस तुझ्याकडे. तुमच्या गावात बाईंच्या ओळखीच्या एक जणी आहेत, याच पद्धतीनं काम करणाऱ्या. त्यांचा पत्ता तुला न विचारता घेऊन ठेवलाय. जायचं की नाही ते तू ठरव, पण ‘मी असतेच’ हे उत्तर मी ऐकणार नाही. भाऊजींना मीच सांगेन, मशीन त्यांच्या कानात घालून.

पत्रात तू ते दोन तास एका पानात लिहिलेस. मला ते लागेल तेवढा वेळ घेऊन ऐकायचेत. खिडकीतून काय दिसत होतं, ती अजून काय बोलली, तू कुठे बसली होतीस, सगळं. तिथं मी कुठेच नसलो तरी चालेल. तू पहिल्यापासून सांग, मी मध्ये उठून जाणार नाही.

आशीर्वादाचा हक्क तुझाच आहे, तो वापर.

तुझा,
धाकटा