उभे लावलेले दगड

मंगळवार, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास,
धाकट्याचा नमस्कार.

खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, नाहीतर भिंतीपलीकडून तुझा खोकला मला रोज ऐकू येतो. वहिनी औषध देते आणि तू ते मोरीत ओततोस, हेही ऐकू येतं. घेत जा. आमच्याकडे हिचे गुडघे दुखतात ते दुखतातच. नळाला पाणी कमी येतं, तुझ्याकडेही तेच असणार.

शेजारी राहून पत्र लिहितोय म्हणून हसशील. पण समोरासमोर आलो की आपलं तिसऱ्या वाक्याला बिनसतं, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. पत्र तुझी लेक आणून देईल. तिला रागावू नकोस. ती आमच्याकडे येते ती आजोबांना बघायला.

विषय आपल्या दोन घरांमधल्या वाटणीच्या भिंतीचा आहे. मधल्या खोलीपासून अंगणापर्यंत तिचे पापुद्रे सुटतायत. सकाळी फरशीवर चकचकीत खपल्या पडलेल्या असतात, ही झाडून झाडून वैतागली. गेल्या महिन्यात तू तुझ्या बाजूने सिमेंट भरलंस, त्या थापीचा आवाज मी ऐकला. मीही भरलं. त्यामुळे निदान ती उभी आहे.

उन्हाळ्यात मी एका ठेकेदाराला भिंत दाखवली होती. तो म्हणाला, "ही बांधणारा शुद्धीवर होता का?" बाबा तिथेच खुर्चीवर बसले होते. मी म्हणालो, "वडिलांनीच बांधलीय. वय झालं, हात गेला त्यांचा." त्यांच्यादेखत म्हणालो. ठेकेदाराने ते गावभर केलं. ज्यांच्या भिंती लोक पाहुण्यांना नेऊन दाखवायचे, त्यांना त्यानंतर कोणी साधा ओटा बांधायलाही बोलावलं नाही.

मग सुट्टीत तुझी लेक आली. कॉलेजात खडकच शिकते, तेव्हा भिंग घेऊन भिंतीला नाक लावून बसली. म्हणाली, "काका, हा शिस्ट. मुळात चिखल होता. जमिनीत खोल दाब आणि उष्णता सोसून त्याचा दगड झाला, आणि सोसता सोसता आतलं अभ्रकाचं एकेक पान दाबाला आडवं झालं. म्हणून तो असा पानापानांनी सुटतो."

मी म्हटलं, "हे तुझ्या आजोबांनी आम्हाला शाळेत घालायच्या आधी शिकवलंय."

"मग आजोबांनी सगळे दगड उभे का लावलेत?"

दादा, मी जाऊन बघितलं. एकूण एक उभे. अर्ध्यांची पानं तुझ्याकडे सुटतात, अर्ध्यांची माझ्याकडे. लहानपणी असा एकच दगड लावलास म्हणून तुझ्या पाठीत त्यांनी थापी घातली होती. 'दगड जमिनीत निजला होता तसाच भिंतीत निजवायचा. उभा केलास तर पाणी आत शिरतं आणि तो कांद्यासारखा सोलत जातो.' हे आपल्याला झोपेतही पाठ होतं. पण ते बांधत होते तेव्हा आपण भिंतीकडे बघतच नव्हतो. तू माझ्या हद्दीकडे बघत होतास, मी तुझ्या.

मला वाटलं, वयापायी विसरले. वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. म्हणजे ठेकेदारासमोर मी काही खोटं बोललो नव्हतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाबा अंथरुणाला खिळलेत हे तुला लेकीने सांगितलं असेल. किती, ते मी तिला सांगू दिलं नाही. तू येणार नाहीस आणि मग मला तुझा कायमचा राग येईल, याची भीती वाटत होती. गेल्या गुरुवारी मी त्यांना चमच्याने पाणी पाजत होतो. एकदम म्हणाले, "पडली का?"

"काय?"

"भिंत."

मला वाटलं काळजी करतायत. म्हटलं, "नाही बाबा, पडू देणार नाही. मी सिमेंट भरलंय. दादानेही त्याच्या बाजूने भरलंय."

"दोघांनी भरलं?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, माझ्यादेखत पडेल. सिमेंट काही हिशेबात धरलं नव्हतं मी."

त्यानंतर ते बोललेले नाहीत.

आई गेल्यावर आपण दोघांनी भिंतीचा हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले होते, गवंडी बोलावू नका, मीच बांधतो. आपल्याला वाटलं, चला, एकदाचे तयार झाले. जन्मात त्यांनी एकच वाईट भिंत बांधली, ती मुद्दाम, आपल्यासाठी. तिच्यापायी कमावलेलं नाव घालवलं. मी तोंडावर बोललो तरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपण पाडली असती का? मी नसती पाडली. हे त्यांना ठाऊक होतं. मला रडू येतं, दादा, आणि तुझाही राग येतो, कारण सिमेंट तूही भरलंस.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. आता फक्त वाट बघायची, म्हणाले. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असेल, असंही म्हणाले.

ते निजलेत त्या शेजारच्या खोलीचं दार मी उघडून ठेवलंय आणि पहार आणलीय. एकट्याच्याने ही भिंत लवकर पडणार नाही, आणि त्यांच्याकडे वेळ नाही. तू या पत्राला उत्तर लिहू नकोस. वाचून झालं की तुझ्या बाजूने सुरुवात कर.

नाही केलीस तरी मी थांबणार नाही. पण घाव दोन्हीकडून पडतायत की एकीकडूनच, हे त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या कळेल. गवंडी आहेत ते.

पहार हातात धरून बसलेला,
तुझा धाकटा