पंपापुरतं लग्न

३ फेब्रुवारी, मंगळवार

आल्सिदने आज मला लग्नाची मागणी घातली. दुकानात! मी तोंडात टाचण्या धरून मिसेस फाल्गूच्या मार्डी ग्रा कार्निवलच्या झग्याला झालर लावत होते, नेमकं तेव्हा.

गुडघ्यावर बसणं वगैरे काही नाही. दारात उभा. टोपी हातात, बुटांना बायूच्या संथ पाण्याकाठचा चिखल. म्हणाला, "लिओनी, माझा विमा चांगला आहे. साखर कारखान्याने पेन्शनीबरोबर दिलाय. तू माझी बायको झालीस तर तुझा इन्सुलिनचा पंप त्यात बसेल."

टाचण्या गिळता गिळता वाचले.

"आल्सिद, जन्मभर साखर केलीस, आणि आता मला इन्सुलिन द्यायला निघालास?"

"पाप फेडतोय असं समज," म्हणाला.

हसून हसून पोट दुखलं. मिसेस फाल्गू अर्ध्या झग्यात उभ्या, सगळं ऐकत! म्हणजे जेवणवेळेपर्यंत गावभर.

हसले खरी, पण तो हे उगाच नाही बोलला. गेल्या महिन्यात मी भरदुपारी दुकानात बेशुद्ध पडले, तेव्हा पलीकडच्या घरातून धावत आला तो हाच. साखर पार खाली गेली होती. शाळेत असल्यापासून मी इन्सुलिन टोचून घेतेय. पूर्वी साखर उतरली की घाम फुटायचा, हात कापायचे — कळायचं. आता शरीर काही कळवतच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला पंप हवाच. साखर उतरायला लागली की तो आपला आपण इन्सुलिन थांबवतो, ओरडून सांगतो. पुढच्या वेळी शेजारी कोणी नसलं तर—" पुढचं बोलल्या नाहीत.

माझ्या स्वस्तातल्या विम्याने मात्र पुढचं बोलून टाकलं: पंप 'अत्यावश्यक नाही'. स्वतःच्या पैशाने घ्यायचा तर तेवढ्यात एक बऱ्यापैकी गाडी येते. आणि नंतर दर महिन्याला तिचं पेट्रोल, म्हणजे नळ्या, दंडावरची ती साखर मोजणारी चकती. झालर लावून किती मिळतात? असो.

आल्सिदला नाही म्हटलं. लग्न हे काय रेशनकार्ड आहे?

४ फेब्रुवारी, बुधवार

वर्नाचा फोन. धाकटी बहीण असून आवाज सासूचा. "ताई, मागणी आली म्हणे? अंगठी होती की विम्याचं कार्ड?"

मिसेस फाल्गू, तुमच्या झालरीला मी दुसरा टाका घालणार नाही!

११ फेब्रुवारी, बुधवार

पंपाच्या कंपनीची गरजूंसाठी एक योजना आहे. सकाळभर फोन कानाला. अखेरीस एक गोड आवाजाचा पोरगा म्हणाला, "मॅडम, तुमची कमाई थोडी जास्त आहे."

मी म्हटलं, "बाळा, हे वाक्य माझ्या आयुष्यात कोणी पहिल्यांदाच बोललंय. पुन्हा म्हण."

तो हसला. मीही. फोन ठेवल्यावर मग रडले थोडी.

१७ फेब्रुवारी, मार्डी ग्रा

निम्मं गाव माझ्या शिलाईत नाचलं. आल्सिद कोंबड्याच्या वेषात — तुरा मीच शिवलेला. माझ्यासमोर येऊन आरवला. अजून नाहीच म्हटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, चर्चच्या अंगणात मासे तळणं. फादर मेलांसों ताट घेऊन शेजारी बसले. "लिओनी, पुढच्या शुक्रवारची सगळी मिळकत तुझ्या पंपाला देऊ. सगळे तयार आहेत."

मी म्हटलं, "फादर, माझ्या स्वादुपिंडासाठी या गावाने मासे तळायचे नाहीत."

"हा गर्व झाला."

"गर्वच आहे. कबुलीजबाबाला शनिवारी येते."

माझं असंच. आईने आम्हाला वाढवलं ते दुसऱ्यांचे कपडे शिवून, पण दुसऱ्यांचे उतरलेले कधी घालू दिले नाहीत. मी पडले त्या दिवशी आल्सिदनेही पाकीट काढलं होतं. म्हटलं, "आत घाल, नाहीतर तुझ्या विजारी यापुढे तूच शिव." घातलं बिचाऱ्याने आत.

आज तो पलीकडच्या बाकावर. माझ्या ताटातला भात काढून स्वतःच्या ताटात घेतला, न विचारता, आणि त्याचा मासा मला दिला. वर्ना डोळे मिचकावत होती. तिला टेबलाखालून लाथ.

९ मार्च, सोमवार



सकाळी गाडी घेऊन दोरे आणायला निघाले होते. त्यानंतरचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तर गाडी फादरच्या कुंपणात, त्यांची टपालपेटी आडवी, आणि फादर माझ्या तोंडाला संत्र्याचा रस लावून मेरीमातेचा धावा करताहेत.

सगळे म्हणतात, थोडक्यात निभावलं. पेटीच गेली ना!

पण त्या वळणावर पोरं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात. आज शाळेला सुट्टी होती. एवढंच. मी शहाणी, सावध वगैरे काही नाही — शाळेला सुट्टी होती.

किल्ल्या आल्सिदकडे दिल्या. त्याने खिशात टाकल्या. चक्क एक विनोदही नाही.

१० मार्च, मंगळवार

आज मीच त्याच्या दारात गेले. तो अकॉर्डियनचा भाता पुसत बसला होता.

"तुझा विमा अजून रिकामा आहे?"

"एक जागा आहे," म्हणाला.

"मग ऐक. हे लग्न पंपापुरतं. तू तुझ्या घरात, मी माझ्या."

"कबूल."

"माझ्या स्वयंपाकात नाक खुपसायचं नाही."

"कबूल. पण विमावाले तपासायला आले तर? माझा एक टूथब्रश तरी तुझ्याकडे ठेवावा लागेल."

म्हटलं, ठीक. एक टूथब्रश.

वर्नाला सांगितलं तर ती फोनवर किंचाळली. "पंपापुरतं म्हणे! ताई, त्याची बायको गेल्यापासून त्याच्या विजारींना दर आठवड्याला नवी भोकं पडतात. मला तर वाटतं स्वतःच कात्री लावतो!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उसवलेल्या कडा नीट बघायला हव्या होत्या!

११ एप्रिल, शनिवार

झालं. उपासाच्या दिवसांत फादर लग्न लावत नाहीत, म्हणून ईस्टर होईपर्यंत थांबलो. झगा मीच शिवला, आकाशी. कंबरेला आतून खिसा — पंप नाही अजून, पण त्याचं घर तयार.

"आजारात आणि आरोग्यात," फादर म्हणाले. आल्सिद माझ्या कानात, "आणि विम्यात." मी फिस्सकन हसले. फादरनी असं पाहिलं की मोडलेली पेटी आत्ता आठवली असावी.

नंतर अंगणात गंबोचा रस्सा, अकॉर्डियन, नाच. माझा पहिला नवरा होरेस जाऊन इतकी वर्षं झाली, मी नाचलेच नव्हते. पाय विसरले नव्हते. आल्सिदने मध्येच थांबवून बोटाला सुई टोचून साखर बघायला लावली. नवरदेव हातात मशीन धरून उभा, पाहुणे गप्प. आकडा आला तसा ओरडला, "चांगली आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असं लग्न कोणाचं झालं नसेल.

१४ एप्रिल, मंगळवार

टूथब्रश आला. पाठोपाठ अकॉर्डियन. मग उशी, "मान दुखते म्हणून." आता तोच आलाय. कराराचा पार बोऱ्या.

२२ एप्रिल, बुधवार

लग्नाला पंधरवडा नाही झाला आणि नवरा कामाला लागला! धरणाखालच्या बोटींच्या यार्डात वेल्डिंग करतो म्हणे, आठवड्यातले चार दिवस. या वयात! गुडघे कुरकुरतात, चष्मा सापडत नाही, आणि हा बोटी जोडणार!

"घरात बसून गंज चढतो," म्हणाला.

"लग्नाआधी बसला होतास की इतकी वर्षं. तेव्हा नाही चढला?"

"तेव्हा घरात तू नव्हतीस."

घ्या! वर्नाला हे पुरवून पुरवून सांगायला मिळालं: "बायकोला कंटाळून नवरा यार्डात पळाला." मीही त्याला चिडवते. डब्यात बूदां सॉसेजचे तुकडे आणि एक चिठ्ठी ठेवते — 'पळपुट्याला'. डबा रिकामा येतो. चिठ्ठी परत येत नाही.

विम्याचे कागद तोच बघतो. माझ्या नावाचं कार्ड आलं का विचारलं तर म्हणतो, कारखान्याचं काम, ऊस गाळायला नाही का वेळ लागत?

५ मे, मंगळवार

पंप आला!!

पत्त्यांच्या कॅटएवढा. एवढ्याशा डबीसाठी एवढं रामायण! नर्सने पोटावर नळी बसवली, दंडावर चकती. मला काही वाटलं नाही, टोचून घेण्यात जन्म गेला. पण उकळत्या कढयांपाशी हयात काढलेला आमचा कारखानदार ती सुई बघून पांढराफटक! नर्सने त्यालाच आधी खुर्ची दिली.

"किती झाले?" मी विचारलं.

"विम्याने दिले सगळे. छदामही नाही लागला," आल्सिद म्हणाला. छताकडे बघत. अजून गरगरत असावं.

६ मे, बुधवार

झोपले. नुसती झोपले. सकाळी उठेन की नाही याचा विचार न करता.

२४ मे, रविवार

भर प्रवचनात पंप ओरडला. टिटिटिटि! फादर थांबले. "देवाचा फोन असेल तर घ्या, लिओनी." सगळं चर्च हसलं. मी खिशातली रसाची डबी काढून तिथेच प्यायले. साखर वर आली. प्रवचन पुढे चाललं. मी पडले नाही.

आल्सिदने माझा हात धरला होता. त्याच्या तळव्यावर भाजल्याचे डाग आहेत, ठिणग्यांचे. "हातमोजे घालत जा की रे," म्हटलं. "बायकोने शिवून दिले तर," म्हणाला. दिले शिवून. जाड जीनचे.

१० जून, बुधवार

दंडावरची चकती अंघोळीत निघाली. नवी हवी होती, आल्सिद यार्डात. म्हणून मीच कारखान्याच्या पेन्शन विभागाला फोन लावला.

मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं नाव इथे नाही. पेन्शनीत निघाल्यावर केलेली बायको या विम्यात बसतच नाही. कधीच बसत नव्हती. आल्सिद साहेब जानेवारीत स्वतः येऊन विचारून गेले, तेव्हा सांगितलं होतं त्यांना."

जानेवारीत. मागणी घातली फेब्रुवारीत.

फोन ठेवला. मग इतके दिवस हा बोटी कशासाठी जोडतोय ते कळलं: पंपाचे हप्ते. खुर्चीत बसून राहिले. चकती नाही, तरी मला माझी साखर वर चढलेली कळत होती, शपथ.

संध्याकाळी आला. लोखंडाचा वास, गुडघा ओढत.

"कसा गेला दिवस?"

"मजेत," म्हणाला.

मी पाणी तापवलं. त्याचे पाय गरम पाण्यात घातले. उद्या सांगेन. त्याने मला फसवलं हे, आणि दुसरंही — त्या पंपासाठी लग्न मीसुद्धा केलं नव्हतं.