ताईंच्या आभाराचं भाषण

३ मार्च, रविवार
कमिटीत कळलं, ताई चालल्या. नवऱ्याची बदली. चर्चची लहान मुलं, तरुण पोरं, सगळी इतकी वर्षं एकटीने सांभाळली बाईने. आभाराचं भाषण कोण करणार, असं पाळकसाहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा हात आधीच वर होता, ही गोष्ट वेगळी.
असं भाषण ठोकीन की लोक नाव काढतील!
लेकीला बातमी सांगितली. ताटावरून उठून गेली. वयच तसं आहे.

६ मार्च, बुधवार
दर बुधवारी ताई घरी येतात. लेकीच्या दारावर टकटक, मग तासभर दोघी आत. गाण्याची प्रॅक्टिस म्हणे. गाणं काही ऐकू येत नाही. आज रडणं ऐकू आलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. पोरीला प्रायव्हसी नको?
तिची आई गेल्यापासून माझ्याशी फक्त हो आणि नाही. शाळाही सुटल्यात जमा. पण सावरतेय. घरात आईचा विषयच काढू दिला नाही मी, त्याचा फायदा.
ताईंनी जाताना दारात गाठलं. मी गेल्यावर बुधवारी तुम्ही बसा तिच्यापाशी, म्हणाल्या, नुसतं बसलात तरी पुरे. म्हटलं, भाषण होऊन जाऊ द्या, मग मोकळाच आहे.

१० मार्च, रविवार
चार पानं झाली. ‘मुलांच्या मनाचं दार उघडणाऱ्या ताई’. काय वाक्य आहे!
एक बारीकशी अडचण. पहिल्या गीतानंतर ताई मुलांना घेऊन मागच्या खोलीत जातात, त्या उपासना संपेपर्यंत तिकडेच. भाषण तर उपासनेतच, मग त्या दिवशी मुलांचा वर्ग कोण घेणार? खजिनदाराला विचारलं, त्याची कंबर धरलीय. त्याच्या बायकोला विचारलं, तिला त्याची कंबर चोळायचीय. होईल काहीतरी.

१३ मार्च, बुधवार
ताईंचा शेवटचा बुधवार. त्या आत, मी बाहेर आरशासमोर तालीम करत होतो. लेकीने आतून भिंतीवर थापा मारल्या. भाषण आवडलेलं दिसतंय.

१७ मार्च, रविवार
एकदाही अडखळलो नाही. ताईंनी पुढे यावं, अशी विनंती केली. कोणी उठेना. लाजतात बिचाऱ्या, म्हणून पुन्हा केली. तेवढ्यात मागच्या खोलीतून मुलांचं गाणं आलं, त्यात ताईंचा आवाज.
वर्गाला माणूस बघायचा राहूनच गेला होता.
खजिनदार कंबर विसरून धावत गेला आणि परत आला. मुलांना एकटं टाकून येता येत नाही, असा निरोप. उरलेली दोन पानं मी वाचून टाकली. तयारी वाया का घालवायची?
नंतर मागे गेलो. लेक ताईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. चारचौघांत! ताईंच्या हातात भाषणाचे कागद दिले. त्यांनी न बघताच पर्समध्ये ठेवले. बुधवार विसरू नका, एवढंच म्हणाल्या.

२० मार्च, बुधवार
विसरलो नाही. लेकीच्या दारावर टकटक केली. ती धावत आली. कडी निघाली, दार उघडलं. तिने मला बघितलं, मग माझ्यामागे जिन्याकडे बघितलं. कडी परत लागली.
बाहेर खुर्ची टाकून बसलो. बोलायला एक वाक्य सुचेना. आत ती रडत होती. टीव्ही लावायला उठलो, आणि परत बसलो.